नवख्यांसाठी घरचं कॅम्पेन: खाडीकाठच्या गावातली पहिली सहा सेशन

टेबलावरचा रोलप्लेइंग गेम शिकवायचा म्हटलं की बहुतेक जण नियमांपासून सुरुवात करतात. सहा गुण, बारा क्लास (म्हणजे पात्रांचे प्रकार), मग मंत्रांची यादी. पहिला फासा पडायच्या आत तास निघून जातो आणि नवा माणूस पुढच्या रविवारी "जरा काम आहे" म्हणून येत नाही. मला वाटतं, नव्या माणसाला आधी निर्णय घ्यायची सवय लागायला हवी. पाणी चढतंय, तरवाला (होडीने खाडी पार करून देणारा) काहीतरी लपवतोय, दोर सुटत चाललाय, तू काय करतोस? याचं उत्तर तो न बिचकता द्यायला लागला की प्रत्येक नियम त्याला कामाची वस्तू वाटतो आणि लक्षात राहतो. पुढची सहा सेशन, म्हणजे बैठका, याच हिशेबाने बांधली आहेत, आणि त्या मिळून एक सलग गोष्ट, म्हणजे कॅम्पेन, होते. हा लेख अशा माणसासाठी आहे ज्याने स्वतः थोडंफार खेळलंय आणि आता मालवण, कुडाळ, देवगड, गुहागर, कुठेही घरच्या ओटीवर चार नव्या माणसांना घेऊन बसायचं ठरवलंय.

ज्यांना खेळच माहीत नाही त्यांना एवढंच सांगा: आपण सगळे मिळून एक गोष्ट रचतो. एक जण डीएम होतो, म्हणजे तो जग, हवा, गावातली माणसं आणि संकटं सांभाळतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ते पात्र काय करतं ते सांगतात. जमेल की नाही याची शंका असेल तिथे फासा टाकतो. यात कुणी जिंकत किंवा हरत नाही. या खेळांची सुरुवात १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सपासून झाली. मीही इथे त्याचीच पाचवी आवृत्ती धरली आहे, कारण तिचे मूळ नियम फुकट मिळतात.

मंडळी, जागा आणि मोसम

चार खेळाडू आणि एक डीएम हा आकडा सोडू नका. पाच चालतात, सहा नवखे असतील तर प्रत्येकाची पाळी यायला इतका वेळ लागतो की मधला माणूस मोबाइल काढतो. जुना खेळाडू असेल तर एकच घ्या आणि त्याला पहिल्या दिवशीच सांगून ठेवा की त्याने दुसऱ्याला काय करायचं ते सुचवायचं नाही. त्याने फक्त आपल्या पात्राच्या तोंडून प्रश्न विचारायचे: "तुझ्याकडे दोर आहे ना?" एवढं चालतं. "तू दोर टाक, तुझा बोनस जास्त आहे" हे चालत नाही. नव्या माणसाचा निर्णय हिरावला की शिकवणं तिथेच संपतं, म्हणून या बाबतीत मी कडक असतो.

कोकणात वेळापत्रक मोसमावर ठरतं. एप्रिल-मे आंब्यात जातो, कुणालाच संध्याकाळ मोकळी नसते. गणपतीत चाकरमानी येतात आणि घरं भरतात. शिमग्यात पालखी. सगळ्यात चांगला काळ पावसाळ्याचा पहिला भाग. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात, समुद्रावर जाणारी पोरं घरी असतात आणि बाहेर पाऊस कोसळत असतो. दर आठवड्याला एक बैठक धरली तर सहा सेशन आणि एखादा खाडा धरून हा काळ बरोबर पुरतो. वीज गेली तरी हा खेळ थांबत नाही. फक्त नियम मोबाइलमध्ये न ठेवता कागदावर ठेवा आणि एक चार्जिंगची बॅटरी टेबलाच्या मधोमध लटकवा.

साकवावरून पाणी गेलं तर एखादा येणार नाही, हेही धरून चाला. त्या दिवशी त्याचं पात्र "तापाने घरी आहे". त्याची शीट (पात्राच्या माहितीचा कागद) दुसऱ्याने चालवायची नाही. चारातले तीन आले तर खेळा, दोनच आले तर त्या दिवशी पुढची गोष्ट न खेळता त्या दोघांचा एखादा छोटा प्रसंग खेळा. बैठक तीन तासांची ठेवा, मधे चहाला पंधरा मिनिटं.

सामान

सात फाशांचा एक संच लागतो: चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचा प्रत्येकी एक आणि दहा बाजूंचे दोन. नव्या माणसांना वीस बाजूंचा फासा म्हणजे डी-ट्वेंटी पहिल्या दोन सेशनना पुरतो. फासे ऑनलाइन मागवता येतात, पण पार्सल यायची वाट बघत बसू नका. एका पत्र्याच्या डब्यात १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या टाका, एक काढा, वाचा आणि लगेच परत टाका. चिठ्ठी परत टाकायला विसरलात तर गणित बिघडतं, त्यामुळे डबा एकाच माणसाच्या हाती ठेवा.

पावसात कागद दमट होतो आणि शाईचं पेन पसरतं. पेन्सिल वापरा, शीट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. नकाशासाठी चौकटीची वही, एक चौकोन म्हणजे पाच फूट. पात्रांसाठी कवड्या, शत्रूंसाठी चिंचोके. खायला खाजा किंवा शेंगदाणे, सोलकढीचे ग्लास मात्र टेबलावर नकोत, खाली ठेवा.

नियमांचं म्हणाल तर पाचव्या आवृत्तीचा मूळ गाभा एसआरडी ५.१ या नावाने २०२३ च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. २०२५ मध्ये सुधारित नियमांचा ५.२ देखील आला. श्रेय दिलं की त्यातला मजकूर भाषांतर करून वाटता येतो. म्हणून माझा आग्रह आहे की एक पानाचा नियमांचा कागद मराठीत स्वतः लिहा आणि प्रत्येकाला द्या. सगळे नियम नकोत. सहा गुण (ताकद, चपळाई, दम, बुद्धी, जाण, छाप), फासा कसा टाकायचा, आपल्या पाळीला काय काय करता येतं, एचपी (पात्राचा उरलेला जीव) संपले तर काय. एका पानात बसत नसेल ते पहिल्या सहा सेशनला लागतही नाही.

सेशन शून्य

पहिल्या खेळाच्या आधी एक संध्याकाळ नुसती बोलण्यासाठी ठेवा. यात फासा पडत नाही आणि तरी सगळ्या कॅम्पेनमधली ही सगळ्यात महत्त्वाची बैठक आहे.

आधी विचारा, कशाची मजा येईल? कुणाला मारामारी हवी असते, कुणाला रहस्य, कुणाला नुसत्या गावगप्पा. मग विचारा, गोष्टीत काय अजिबात नको? इथे दोन रकाने करा. एकात ज्या गोष्टी येणारच नाहीत त्या, दुसऱ्यात ज्या घडल्या तरी वर्णन न करता पडदा टाकायचा त्या. किनाऱ्यावरच्या घरांमध्ये हे फार जपून विचारायला हवं. समुद्रात माणूस गमावलेली घरं प्रत्येक वाडीत आहेत, आणि तुमच्या गोष्टीत बुडणारी होडी असेल तर तुमच्या समोर बसलेल्याला तो खेळ राहत नाही. सगळ्यांसमोर बोलायला जड जातं, म्हणून कागदाच्या चिठ्ठ्यांवर नाव न घालता लिहून घ्या. शिवाय टेबलावर फुली काढलेलं एक कार्ड ठेवा. खेळ चालू असताना कुणीही त्यावर बोट ठेवलं की तो प्रसंग तिथेच बदलायचा, कारण विचारायचं नाही. ही पद्धत जॉन स्टाव्रोपोलोस यांनी एक्स-कार्ड या नावाने मांडली आणि आज जगभर वापरली जाते.

शाळा-कॉलेजातली मुलं असतील तर त्यांच्या घरच्यांना बोलवा. "भुताखेताचा काहीतरी खेळतात" अशी कुजबुज गावात लवकर फिरते. आई, आजी, काका कुणी आले तर त्यांना बाजूला बसवू नका, पत्रावळीएवढ्या कागदावर गावाचा नकाशा काढत असाल तर त्यांनाच विचारा की तरीचा धक्का कुठे असतो आणि देवराई कुठे. नकाशा चांगला होतो आणि घरच्यांचा विश्वास बसतो.

गाव कसं उभं करायचं

नव्या माणसाला परक्या राज्यातली किल्ले-नगरं देऊ नका. त्याला ज्या जागेची सवय आहे ती द्या, म्हणजे "इथे काय करता येईल" हे त्याला विचार न करता सुचतं. खाडीच्या मुखावर एक गाव. अलीकडे माडांची वाडी आणि बाजार, पलीकडे कातळाचा सडा, म्हणजे उघडं पठार, मधे तर, म्हणजे माणसं पार नेणारी होडी. मुखापाशी पाण्यात एक पडका किल्ला, कड्याच्या पायथ्याशी एक गुहा. गावाचं नाव खेळाडूंनाच ठेवू द्या. नाव ठेवणाऱ्याला ते गाव आपलं वाटतं आणि तो ते वाचवायला धावतो.

किल्ल्यासाठी नमुना शोधायला लांब जायला नको. सिंधुदुर्गाचं महाद्वार समुद्रावरून नुसतं बघितलं तर सापडत नाही, बुरुजांच्या वळणात ते दडवलेलं आहे. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, भोवती खारं पाणी. दडलेलं दार आणि खाऱ्यात गोडं पाणी, या दोन गोष्टींवरच एक अख्खं सेशन उभं राहतं. सड्यासाठी कातळशिल्पं आहेत. मालवण तालुक्यातल्या कुडोपीपासून राजापुरातल्या बारसू, देवाचे गोठणे, काशेळी आणि रत्नागिरीतल्या उक्षीपर्यंत जमिनीत कोरलेल्या या आकृती २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्या. ती कुणी आणि का कोरली हे नक्की कळलेलं नाही, त्यामुळे तुमच्या गोष्टीला मोकळी जागा मिळते. जमलं तर मंडळींना एकदा खऱ्या सड्यावर घेऊन जा. फक्त आकृत्यांवर पाय देऊ नका आणि चुना-खडू फिरवू नका.

भुतांबद्दल माझं मत ठाम आहे. गिऱ्हा (पाण्यातलं भूत), खवीस, हडळ, चकवा यांना गोष्टीत आणा, प्रत्येकाच्या आजीने ते सांगितलेले आहेत आणि त्यांच्यासाठी कुठलंही पुस्तक उघडावं लागत नाही. पाचव्या आवृत्तीतल्या एखाद्या प्राण्याचे आकडे घ्या आणि वर्णन आपलं द्या. राखणदार, देवचार आणि गावाचं ग्रामदैवत यांना मात्र शत्रू करू नका. लोक त्यांच्यापुढे नारळ ठेवतात, गाऱ्हाणं घालतात, तो त्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. फाशाने त्यांचे एचपी कमी करणं टेबलावर बसलेल्या कुणाला तरी खुपेल. गोष्टीत देवराई असू द्या, तिथे झाड तोडायचं नसतं हा नियम असू द्या, आणि तो मोडायचा की नाही हा निर्णय खेळाडूंचा असू द्या.

पात्रं

पहिल्या कॅम्पेनला तयार पात्रं द्या. पहिल्या लेव्हलच्या (म्हणजे पायरीच्या) पाच शीट करा: दोन फायटर (एक ढाल-तलवारवाला, एक तिरंदाज), एक रोग (चोरपावलांचा), एक क्लेरिक (देवाचा भक्त, जखमा भरणारा), एक विझार्ड (मंत्र टाकणारा). गुणांसाठी १५, १४, १३, १२, १०, ८ हा ठरलेला संच वापरा. विझार्ड अशाच माणसाला द्या ज्याला वाचायला आवडतं, नाहीतर मंत्रांच्या ओझ्याखाली त्याची संध्याकाळ जाते.

शीटवर तीन जागा रिकाम्या सोडा आणि त्या खेळाडूने भरायच्या: नाव, गावातलं एक माणूस ज्याच्यासाठी हे पात्र काहीही करेल, आणि एक भीती. लांबलचक इतिहास लिहून घेऊ नका. "खाडीपलीकडच्या मावशीने वाढवली, काळोख्या पाण्याला घाबरते" एवढ्यावर डीएमला सहा सेशन पुरतील इतका ऐवज मिळतो.

पहिलं सेशन: तर

गोष्ट सुरू होते तेव्हा चौघे तरीत बसलेले आहेत, खाडीच्या मध्यावर आहेत आणि वारा फिरला आहे. खानावळीत एकमेकांची ओळख करून देत बसू नका, तिथे नवखे गप्प होतात. वारा फिरला की कुणीतरी बोलतंच.

आज फक्त एक गोष्ट शिकवायची: खेळाडू काय करतो ते सांगतो, डीएम ठरवतो की फासा लागेल का, लागला तर डी-ट्वेंटीचा आकडा अधिक बोनस, आणि तो ठरलेल्या आकड्याएवढा किंवा वर गेला की जमलं. सोपं काम १०, मध्यम १५, अवघड २०. आज हे तीनच आकडे वापरा.

"मी दोर पकडतंय आणि तरवाल्याक सांगतंय, खाली बस!" असं कुणी म्हणालं की तिथे थांबून टाळी द्या, कारण खेळ सुरू झाला. बोली बदलायला लावू नका. मालवणीत सुचत असेल तर मालवणीत बोलू द्या, डीएमनेही बोलावं. प्रमाण भाषेत बोलायचं दडपण आलं की निम्मी कल्पनाशक्ती ते वाक्य सरळ करण्यातच खर्च होते.

बोनसचा हिशेब एकदाच, उदाहरणाने सांगा. चपळाई १६ असेल तर बोनस +३. १५ चं काम असेल तर फाशावर १२ किंवा वर हवा, म्हणजे २० पैकी ९ वेळा, ४५ टक्के. त्या कामाचं कसब शिकलेलं असेल तर पहिल्या लेव्हलला आणखी +२, म्हणजे ५५ टक्के. आणि परिस्थिती अनुकूल असेल, जसं दुसऱ्याने खरोखर मदत केली, तर दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. मग तेच ४५ टक्क्यांचं काम जवळजवळ ७० टक्क्यांवर जातं. हे आकडे ऐकले की नवा माणूस आपणहून दुसऱ्याची मदत मागायला लागतो. "एकमेकांना मदत करा" असं शंभरदा सांगून ते होत नाही.

अपयशाचा नियम डीएमसाठी आहे: "काही झालं नाही" हे शब्द बंद. दोर पकडायला जमला नाही? मग दोर हातातून निसटताना एक पेटी पाण्यात गेली, आणि पेटीतून आवाज आला. प्रत्येक फाशानंतर परिस्थिती बदललेली असली पाहिजे. ज्या कामात अपयशाने काही बदलणार नाही, तिथे फासा मागूच नका, जमलं म्हणून पुढे चला.

गप्प बसणाऱ्याला "तू काय करतेस?" असा मोकळा प्रश्न लगेच टाकू नका. आधी त्याच्या पात्राला काहीतरी दिसू द्या: "तू पुढच्या नाळीवर आहेस, तुला एकटीलाच पाण्याखाली उजेड दिसतोय. इतरांना सांगतेस की आधी स्वतः बघतेस?" दोन दारं दाखवली की तिसरं ती स्वतः शोधते. सेशन संपताना तर पलीकडे लागलेली असावी आणि पेटीचं काय करायचं यावर चौघांचं भांडण चालू असावं. ते भांडण सोडवू नका, घरी जाऊ द्या.

दुसरं सेशन: लिलाव

किनाऱ्यावर माशांचा लिलाव चालू आहे आणि त्या गर्दीत पेटीचा मालक शोधायचा आहे. आज बोलणं शिकवायचं. नवखे इथे सगळ्यात जास्त लाजतात, कारण त्यांना वाटतं आपल्याला नट व्हायला हवं.

तुमचे खेळाडू सिंधुदुर्गातले असतील तर त्यांना दशावताराची आठवण द्या. कार्तिकापासून जत्रांमधून रात्रभर चालणाऱ्या त्या नाटकाला लिहिलेले संवाद नसतात. आख्यान ठरलेलं, कोण कुठलं सोंग घेणार ते ठरलेलं, बोलणं सगळं उभ्या जागी सुचलेलं. समोरचा काय म्हणाला ते ऐकून उत्तर द्यायचं, एवढीच त्याची अट. टेबलावरही तेवढंच लागतं, आणि आवाज बदलायची सक्ती नाही. "माझं पात्र तिला विचारतं की पेटी कुणाची" असं तिसऱ्या पुरुषात सांगणंही पूर्ण मान्य आहे.

डीएमने लिलावातल्या प्रत्येक माणसासाठी एकच ओळ लिहावी: त्याला आत्ता काय हवंय. लिलाव पुकारणाऱ्या बाईला ऊन चढायच्या आत टोपल्या रिकाम्या करायच्या आहेत. बर्फवाल्याला उधारी वसूल करायची आहे. तरवाल्याला पेटीबद्दल कुणी विचारू नये असं वाटतं. माणसाची गरज माहीत असली की त्याचं बोलणं आपोआप येतं, आणि खेळाडूंना ती गरज ओळखून सौदा करता येतो. छापेचा फासा त्यांनी काय म्हटलं ते ऐकून झाल्यावरच मागा. चांगला सौदा मांडला असेल तर आकडा १५ वरून १० वर आणा, किंवा फासा मागूच नका.

तिसरं सेशन: पहिली मारामारी

पेटी परत न्यायला तीन चाचे येतात. एसआरडीमधल्या बँडिटचे (लुटारूचे) आकडे वापरा: एसी १२ (त्याला घाव लागायला हल्ल्याचा एकूण आकडा एवढा किंवा वर हवा), एचपी ११, हल्ल्याला +३, तलवारीचं नुकसान एक सहा बाजूंचा फासा अधिक १. गॉब्लिन (छोटा राक्षस) वापरायचा मोह होतो, पण त्याचा एसी १५ आहे. नवख्यांचे हल्ले वारंवार चुकतात, आणि पहिल्याच लढाईत तीन फेऱ्या कुणाला काहीच लागलं नाही की टेबल थंड पडतं. पहिल्या लेव्हलच्या विझार्डला जेमतेम सात-आठ एचपी असतात, दोन घावांत तो खाली. म्हणून चौघांपुढे तीनच शत्रू ठेवा आणि दोन पडले की तिसरा पळतो हे आधीच ठरवा.

लढाईला मारण्याखेरीज एक उद्देश द्या. मी होडी वापरतो. तिचा दोर अर्धा कापलेला आहे, चौथ्या फेरीच्या शेवटी तो तुटणार आणि होडी पेटीसकट ओहोटीच्या ओढीत जाणार. एक फेरी म्हणजे सहा सेकंद हे इथे सांगा. आता "मी मारतो" याशिवाय कुणी दोर धरायला धावतो, कुणी होडीत उडी मारतो, आणि हालचाल, कृती, अंतर हे सगळे नियम त्यांना स्वतःच्या गरजेपोटी विचारावे लागतात. पाळीचा क्रम कागदावर मोठ्या अक्षरात लिहून सगळ्यांना दिसेल असा ठेवा आणि ज्याची पाळी पुढची आहे त्याला आधीच सांगा: "आता फायटर, मग तू."

एचपी शून्य झाले की पात्र लगेच मरत नाही. आपल्या पाळीला नुसता डी-ट्वेंटी टाकायचा, १० किंवा वर आला तर एक यश, खाली आला तर एक अपयश. तीन यशं झाली की जीव स्थिर, तीन अपयशं झाली की संपलं. २० पडला तर एका एचपीवर उठून बसतो, १ पडला तर दोन अपयशं धरायची. या पहिल्या लढाईत मात्र मी मरण ठेवत नाही, तिसरं अपयश आलं तर पात्र चाच्यांच्या हाती सापडतं आणि पुढचं सेशन त्याला सोडवण्याचं होतं. चौथ्या सेशनपासून मरण खरं. हे शून्य सेशनमध्येच सांगितलेलं असावं.

सेशन संपल्यावर सगळ्यांना दुसरी लेव्हल द्या. अनुभवाच्या गुणांची बेरीज करत बसू नका.

चौथं आणि पाचवं सेशन: ओहोटीची गुहा

इथे कॅम्पेनमधला सगळ्यात अवघड धडा आहे: साधनं संपतात. मंत्र, बाण, एचपी, वेळ. विझार्डला दुसऱ्या लेव्हलला पहिल्या पातळीचे तीनच मंत्र टाकता येतात, आणि नवखा ते तीन पहिल्या दालनातच उडवतो. यावर उपदेश न करता घड्याळ लावा, आणि किनाऱ्यावर भरती-ओहोटीसारखं घड्याळ दुसरं नाही.

गुहेचं तोंड ओहोटीलाच उघडं पडतं. ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास, एकूण चार तास आत राहता येतं. वहीत आठ चौकोन काढा, प्रत्येक अर्ध्या तासाचा एक. एक दालन नीट शोधलं, एक चौकोन भरला. छोटी विश्रांती एक तासाची, दोन चौकोन. पूर्ण विश्रांती आठ तासांची, म्हणजे ती आत घेताच येत नाही, कारण ओहोटीपासून भरतीपर्यंत सहा तासांपेक्षा थोडाच जास्त वेळ लागतो. हे चौकोन खेळाडूंना दिसू द्या. तिसरा चौकोन भरताना टेबलावरचं बोलणं बदलतं, लोक कुजबुजत हिशेब करायला लागतात.

कधी जायचं हा निर्णयही त्यांचाच. तिथीच्या पाऊणपट वाजता भरती हा किनाऱ्यावरचा जुना ढोबळ हिशेब. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी बाराच्या सुमारास, भर दुपारी, लख्ख उजेडात. पण अष्टमीला भांग असतं, पाणी फार ओसरत नाही, गुहेच्या तोंडाशी कमरेएवढं पाणी राहील. अमावास्येला उधाण. पाणी खूप मागे जाईल, तोंड कोरडं पडेल, पण पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी साडेपाचच्या सुमारास, काळोखात किंवा काळोख पडताना, आणि परत येणारं पाणीही जोराचं. शिवाय चाचेही अमावास्येचीच वाट बघत असणार. टेबलावर मासेमारीच्या घरातलं कुणी असेल तर हे गणित त्यालाच करू द्या. कालपर्यंत नियम विचारणारा माणूस इथे बाकीच्यांना शिकवायला लागतो, आणि त्याचा खेळ त्या दिवसापासून पालटतो.

गुहेत तीन दालनं पुरेत. एकात कोरलेल्या आकृत्या ज्या सड्यावरच्या आकृत्यांशी जुळतात, एकात गिऱ्हा, एकात पेटीची जोडीची दुसरी पेटी. गिऱ्ह्याला हरवायचे दोन-तीन मार्ग असू द्या आणि त्यातला किमान एक लढाईशिवायचा. खेळाडूंनी तुम्ही न लिहिलेला चौथा मार्ग काढला आणि तो पटण्यासारखा असेल, तर तोच बरोबर माना. दोन्ही पेट्यांचं शेवटी काय करायचं, चाच्यांना, गावाला की समुद्राला, याचं उत्तर डीएमने आधी ठरवून ठेवू नये. पाचव्या सेशनअखेर तिसरी लेव्हल.

सहावं सेशन: खुर्ची बदला

सहाव्या दिवशी डीएमच्या जागी नवख्यांपैकी एकाला बसवा. पूर्ण सेशन नको, एक तासाचा एक प्रसंग. पाचव्या सेशननंतर विचारा, हात वर करणारा बहुधा तोच असतो ज्याने सगळ्यात जास्त प्रश्न विचारले. त्याच्या हाती तुमची सगळी टिपणं देऊ नका, तो त्यात बुडेल. त्याला एक पोस्टकार्डाएवढा कागद द्या आणि त्यावर चारच गोष्टी लिहायला सांगा: जागा कोणती, तिथल्या दोन माणसांना काय हवंय, कुठलं घड्याळ चालू आहे, आणि पहिलं वाक्य काय. किल्ल्यातल्या विहिरींपैकी एकीचं पाणी खारं झालंय, एवढ्यावर एक तास आरामात जातो.

तुम्ही त्या दिवशी पात्र घेऊन खेळाडूंमध्ये बसा. नियम चुकला तरी मधे बोलू नका, त्याने विचारलं तरच सांगा. आकडा आठवला नाही तर त्याने १५ धरावा आणि पुढे जावं, पुस्तक नंतर बघता येतं. प्रसंग संपल्यावर प्रत्येकाने त्याला दोन गोष्टी सांगायच्या: कुठल्या क्षणी आपल्याला पुढे काय होईल याची उत्सुकता लागली, आणि कुठे आपल्याला काय करता येईल ते कळलं नाही. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं त्याने लिहून घ्यावीत, पुढच्या वेळी वर्णनात काय जास्त सांगायचं ते त्यातूनच कळतं.

गणपतीनंतर पुन्हा बसाल तेव्हा प्रत्येकाला स्वतःचं पात्र पहिल्यापासून बनवू द्या. आता क्लास, गुण, कसब या शब्दांमागे त्यांना प्रसंग आठवतात, त्यामुळे जे पहिल्या दिवशी कंटाळवाणं झालं असतं ते एका बैठकीत होतं. गाव तेच ठेवा. आणि चार नवे कोण आणायचे ते सहाव्या सेशनच्या डीएमला विचारा, कारण त्यांना शिकवणार तोच आहे.